तारखेला आलेलं पोर

सिंधुदुर्गातली सकाळची एसटी. खिडकीशी बसलेल्या मुलाचा चेहरा आम्ही धूसर केलाय, नावगाव सांगणार नाही, पण मांडीवरचं दप्तर बघा. शाळा बुडणार हे माहीत असूनही घेतलंय. आईची आज तारीख आहे आणि घरात ठेवायचं कोणापाशी, म्हणून हा सोबत.

तालुक्याचं कोर्ट. व्हरांड्यातलं बाकडं, टायपिंगवाले, काळे कोट, मधूनच पट्टेवाल्याचा पुकारा. बाकड्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बापाकडची माणसं आणि मधे हा, कधी इकडे बघतो कधी तिकडे, आणि इतक्या माणसांत त्याच्याशी कोणी बोलत नाहीये हे शूटिंग करताना नाही, एडिटला बसल्यावर लक्षात आलं.

केस डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचाराची. वकील, पोलीस सगळे डीव्हीच म्हणतात. कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न, असं त्यात लिहिलंय. हसू नका, खरंच लिहिलंय.

आता हा कागद, कॅमेरा मुद्दाम जवळ नेलाय. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी भरतात तो घटनेचा अहवाल. मारहाण, शिवीगाळ, पैसे अडवणं, हुंड्यासाठी छळ, सगळ्याला जागा आहे. मुलांच्या तपशिलात काय तर नाव, वय, मुलगा की मुलगी, सध्या कोणाकडे राहतं. बस. माजघरात भांडं आपटलं तेव्हा ते पोर पडवीत जागं होतं का, हे तिथे विचारलेलं नाही.

कायदा तसा कोरडा नाही हां. मुलाचा तात्पुरता ताबा कोर्ट आईला देऊ शकतं, बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेट नाकारू शकतं, तक्रार मुलाची असेल तर त्याच्या शाळेत पाऊल टाकायला बंदी घालू शकतं. आणि इंग्रजांच्या काळातला 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सांगतो की मूल समजून मत देण्याएवढं मोठं असेल तर त्याची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं. पण तशी सक्ती नाही, आणि आमचं म्हणणं तिथेच आहे. न्यायाधीशांनी ठरवलं तर ते चेंबरमध्ये बोलावून मुलाशी एकट्याने बोलू शकतात, आईबाप बाहेर. पण तिथे 'आई हवी की बाबा' एवढंच विचारायचं असेल तर न विचारलेलं बरं. रात्री झोप लागते का, बाबा भेटायला आले तर जवळ कोण असावं, असं विचारा की, पोरं सांगतात.

'पोराक काय कळता?' हे व्हरांड्यात सर्रास ऐकू येतं. पढवलेलं असेल ही शंका खरीच, मूल ज्याच्याकडे राहतं त्याचंच बोलणार, ते तपासायलाच हवं. पण साक्षीला वयाची अट नाही, प्रश्न कळला आणि नीट उत्तर देता आलं की झालं, आणि 12 वर्षांखालच्या मुलाला शपथ कळत नसली तरी खरं बोलायचंय एवढं कळलं तर चालतं. फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खून खटल्यात हायकोर्टाने सोडलेल्या नवऱ्याला सुप्रीम कोर्टाने दोषी धरलं ते सात वर्षांच्या लेकीच्या साक्षीवर. त्याआधी जानेवारी 2022 मध्येच प्रत्येक जिल्हा कोर्टात अशा साक्षीदारांचा जबाब घ्यायला वेगळं केंद्र करा असा आदेश झालाय.

निकालानंतरचं थोडक्यात: अपील 30 दिवसांत, ओरोसला सेशन्स कोर्टात, त्यापुढे हायकोर्ट, तेही 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरला. तोवर पोराची इयत्ता बदलते.

पुढची तारीख पडलीय ती सहामाही परीक्षेच्या आठवड्यात. वकिलांनी अर्ज दिला तर ती बदलून मागता येते. आईला ते माहीत नव्हतं, आता अर्ज लिहायला बसलीय.