पद्मिनीचा पंखा : बेल्टवरून बॅटरीवर

(दृश्य : सिग्नलला उभी प्रीमियर पद्मिनी. तापमानाचा काटा जवळून.)

सिग्नलला उभी राहिली की तापते, रस्ता मोकळा मिळाला की काटा आपोआप खाली येतो. तुमच्या पद्मिनीचं दुखणं हे असेल, तर तिला हवा कमी पडते आहे आणि इलेक्ट्रिक फॅनचा उपयोग होईल. पण हायवेला साठ-सत्तरच्या वेगावर काटा चढत असेल, तर पंख्याला हातही लावू नका. त्या वेगाला समोरचा वाराच पुरेसा असतो. तिथे गाडी तापते ती रेडिएटरची जाळी चोंदल्यामुळे, ठिणगीचं टायमिंग मागे पडल्यामुळे, कार्बोरेटर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालल्यामुळे किंवा हेड गॅस्केट गेल्यामुळे. यातलं काहीही नवीन पंख्यानं बरं होत नाही. पैसे मात्र जातात.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं. तिचा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवरच बसलेला असतो. पुली फिरवतो बेल्ट, आणि गाडीची वीज तयार करणारा डायनॅमोही त्याच बेल्टवर असतो. म्हणजे पंख्याचा वेग इंजिनाच्या हाती. स्लोवर, म्हणजे एक्सलरेटर सोडलेला असताना, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असतं, तेव्हा पंखाही रेंगाळतो, आणि नेमकी तेव्हाच हवेची सगळ्यात जास्त गरज असते. इंजिन ४००० वर गेलं की पंख्याचा वेग पाचपट होतो आणि हवाही साधारण पाचपट. पण ती हवा ओढायला लागणारी ताकद पाचाच्या घनाइतकी, म्हणजे सव्वाशेपट वाढते. तीही अशा वेळी, जेव्हा समोरून वारा फुकट मिळत असतो.

यावरून ‘फॅन बदलला की ॲव्हरेज वाढतं’ असं सर्रास सांगितलं जातं. पद्मिनीच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नये. पंखा लहान आहे, त्याचा बोजाही लहान. शिवाय इलेक्ट्रिक फॅनची वीज काही आकाशातून येत नाही. तीही इंजिनच तयार करतं. खरा फायदा तीन ठिकाणी दिसतो. उभ्या गाडीला भरपूर हवा मिळते, सकाळी इंजिन लवकर गरम होतं, आणि वेगात पंख्याचा घोंघाट राहत नाही.

(दृश्य : बोनेटखाली डायनॅमो. मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा, स्लोवर मिणमिणता.)

हा लाल दिवा आधी पाहा. हे काम दिसायला पंख्याचं आहे, पण यश-अपयश ठरतं ते विजेवर. डायनॅमो स्लोवर जवळजवळ काहीच चार्जिंग देत नाही. इलेक्ट्रिक फॅन चालणार तो स्लोवर. म्हणजे ट्रॅफिकमध्ये पंखा सरळ बॅटरी पिऊ लागतो. पावसाळ्यातली रात्र धरा, गाडी सायन-पनवेल रस्त्यावर अडकली आहे. दोन हेडलाइट ५५ वॉटचे, मिळून नऊ अँपिअर. वायपर तीन-चार, इग्निशन कॉइल तीन-चार, मागचे दिवे आणि मीटरचे मिळून दोन. त्यात पंख्याचे नऊ-दहा घातले की बेरीज सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात जाते. डायनॅमोच्या गाडीत हे सगळं बॅटरीतून. तासाभरात हेडलाइट पिवळे पडतात, आणि एकदा इंजिन बंद पडलं की स्टार्टर नुसता कण्हतो.

म्हणून क्रम असा, की आधी अल्टरनेटर (स्लोवरही चार्जिंग देणारा, डायनॅमोच्या जागी येणारा), मग फॅन. नंतरच्या काही पद्मिनींत अल्टरनेटर मुळातच आहे. नसेल तर निदान ४५ अँपिअरचा बसवून घ्यावा. स्लोवर तोही पूर्ण ४५ देत नाही, निम्म्याच्या आसपास धरून चाला. पण शून्यापेक्षा ते फार वेगळं आहे. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेताना अल्टरनेटरची पुली आणि वॉटर पंपाची पुली एका रेषेत येते का, हे पट्टी लावून तपासा. दोन-तीन मिलिमीटरचा तिरकसपणाही बेल्ट खातो. डायनॅमोचा जुना कटआउट, म्हणजे त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा स्विच, सर्किटमधून काढावा लागतो. आणि चार्जिंगच्या दिव्याची वायर मात्र तोडायची नाही. त्या दिव्यातून जाणाऱ्या थोड्याशा करंटवरच बहुतेक अल्टरनेटर जागा होतो. दिवा काढून तिथे एलईडी लावला, आणि मग ‘अल्टरनेटर खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण, हे वायरिंगवाल्यांच्या नेहमीच्या अनुभवातलं आहे.

(दृश्य : रेडिएटर आणि वॉटर पंपाची पुली यांमधली फट. मोजपट्टी आत जाते.)

आता फॅन निवडू. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत छोट्या गाड्यांचे फॅन शेरोडसकट, म्हणजे भोवतीच्या पेटीसकट, मिळतात. मारुती ८०० चा त्यांत हमखास असतो. घेण्याआधी दोन मापं पक्की हवीत. एक, जाळीची रुंदी आणि उंची. दुसरं, जुना पंखा काढल्यावर जाळी आणि पुलीचं नाक यांत उरणारी जागा. मोटर धरून फॅनची जी जाडी असेल, त्याहून किमान २० मिलिमीटर जागा जास्त हवी. कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना एक्सलरेटर एकदम दाबला की ते कसं झुकतं, हे बोनेट उघडून एकदा बघाच.

जागा उरली नाही तर फॅन जाळीच्या पुढे, ग्रिलच्या आत बसतो. पण मग तो ढकलणारा फॅन हवा, ओढणारा नव्हे. ओढणाऱ्या फॅनच्या वायरी उलट जोडल्या की तो उलटा फिरतो आणि हवा ढकलतो, हे खरं. पण पात्यांचा बाक उलट्या बाजूला राहतो, त्यामुळे हवा बरीच कमी पडते. तो उद्योग करू नये. शक्य असेल तिथे फॅन मागेच बसवा. पुढचा फॅन हायवेवर वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो.

या शेरोडला, म्हणजे पेटीला, कमी लेखलं जातं. पेटी नसलेला फॅन फक्त स्वतःच्या गोलाएवढ्याच जाळीतून हवा ओढतो, चारी कोपरे कोरडे राहतात. पेटी जाळीला सर्व बाजूंनी टेकलेली हवी, कडेला फोमची पट्टी लावून.

(दृश्य : जाळीतून घातलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्यांच्याभोवती हिरवट डाग.)

आणि हे करू नका. किटबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार घालून फॅन लटकवणं सोपं असतं. पण आपल्या रस्त्यांवर दर खड्ड्याला फॅनचं वजन त्या जाळीवर हिसका देतं. पट्टी पितळेच्या नळीवर घासते आणि काही महिन्यांत असा हिरवा डाग उमटतो. पंचवीस बाय तीनची लोखंडी पट्टी घ्या, रेडिएटरच्या बाजूच्या फ्रेमला बोल्ट करा आणि फॅन त्या पट्टीवर रबरी वायसर घालून बसवा. सगळं वजन फ्रेमवर. जाळीवर काही नाही.

जुना पंखा काढताना एक बारीक गोष्ट निसटते. पंखा आणि पुली एकाच बोल्टांनी हबला आवळलेली असतात. पंखा गेला की त्याच्या जाडीएवढा बोल्ट जास्त होतो. तोच लांब बोल्ट परत लावला तर तो पुलीवर दाब देण्याआधी तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, पण पुली सैलच राहते. थोड्याच दिवसांत कडकड आवाज, मग भोकं अंडाकृती. पंख्याच्या जाडीइतके आखूड बोल्ट त्याच आट्याचे घ्या, नाहीतर तेवढ्या जाडीचा वायसर घाला. स्प्रिंग वायसर विसरू नका. बेल्ट अर्थातच राहतो, वॉटर पंप त्याच्यावरच आहे. अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर वाकला की ताण बरोबर.

(दृश्य : गॅसवर पाण्याचं पातेलं. थर्मोस्टॅट दोरीला टांगलेला, शेजारी थर्मामीटर.)

फॅन केव्हा चालू होणार, हे थर्मल स्विच ठरवतो. आणि स्विच निवडण्याआधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आहे का, ते पाहायचं. बऱ्याच पद्मिनींत तो नसतोच. ‘काढून टाका, थंड राहील’ हा गॅरेजमधला जुना सल्ला. तो परत बसवा. पाण्यात टांगून तापवला की झडप कोणत्या अंशाला उघडायला लागते, ते समजतं. ८२ चा असेल तर तिथे सुरुवात होते आणि साधारण दहा-बारा अंश पुढे ती पूर्ण उघडते.

स्विचवर दोन आकडे असतात. ९२-८७ म्हणजे ९२ ला चालू, ८७ ला बंद. हा रेडिएटरच्या वरच्या टाकीसाठी किंवा वरच्या होजसाठी (रबरी नळीसाठी) योग्य. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा वर हवा; खाली गेला तर फॅन एकदा लागला की थांबतच नाही. खालच्या टाकीत पाणी थंड होऊन आलेलं असतं, तिथे ८७-८२ चा घ्या. पद्मिनीचा रेडिएटर पितळी असल्यानं रेडिएटरवाला टाकीला २२ मिलिमीटर आट्याचा पितळी नट डाखानं जोडून देतो. तो उत्तम मार्ग. डाख देताना टाकी रिकामी आणि आतून स्वच्छ हवी, नाहीतर गळती राहते.

टाकीला हात लावायचा नसेल, तर होज मधोमध कापून त्यात ॲल्युमिनियमचा तुकडा बसवतात आणि स्विच त्यात. इथे हमखास फसगत होते. एका पिनचा स्विच अर्थिंग स्वतःच्या धातूतून घेतो. टाकीत ते मिळतं. होजमधल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. अर्थिंग येणार कुठून? स्विच चांगला, रिले चांगला, फॅन चांगला, आणि गाडी उकळते. तिथे दोन पिनांचा स्विच घ्या किंवा तुकड्याला वेगळी अर्थिंगची वायर द्या.

(दृश्य : रिलेचे चार पाय, आकडे जवळून.)

आता जोडणी. रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, ३० किंवा ४० अँपिअरचा. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसची वायर, मध्ये फ्यूज. ८७ वरून फॅनचा प्लस. ८६ ला इग्निशन चालू असताना येणारा सप्लाय. ८५ थर्मल स्विचमधून अर्थला. फॅनचा मायनस थेट बॅटरीच्या मायनसला किंवा रंग खरवडलेल्या बॉडीला. फॅन नऊ-दहा अँपिअर घेत असेल तर फ्यूज २० चा, कारण सुरू होताना मोटर क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते. फॅन किती घेतो, हे स्वतः मोजा. स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा घरच्या एसी विजेचाच असतो, त्यावर इथे शून्य दिसेल. डीसी मोजणारा हवा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात ठेवा. तो फॅनजवळ लावला तर मधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली, की वितळायला मोकळी.

वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. तीन मीटर लांबीत दहा अँपिअरला तिच्यात जेमतेम पाव व्होल्टचा घट येतो. एक स्क्वेअरच्या वायरीत तोच अर्ध्या व्होल्टच्या वर जातो. पंखा मंद फिरतो, वायर कोमट राहते आणि दोष मोटरवर येतो.

३० नंबरचा सप्लाय इग्निशनच्या वायरवरून घेण्याचा मोह होतो, कारण ती जवळ असते. तसं केलं तर किल्ली बंद केल्यावरही इंजिन काही क्षण चालू राहू शकतं. फिरत असलेली फॅनची मोटर जनरेटर बनते, ती वीज रिलेतून उलटी इग्निशनला जाते आणि कॉइलला पोसते. जुना फ्यूज बॉक्सही या कामाचा नाही. त्याचे संपर्क आधीच काळवंडलेले असतात.

डॅशबोर्डवर एक बटण द्या, थर्मल स्विचला समांतर. स्विच दगा देईल तेव्हा फॅन हातानं लावता येतो. फॅन बंद करणारं बटण काही जण पाण्यातून जाताना म्हणून बसवतात, मग ते बंदच राहतं. पुढे साचलेलं पाणी दिसलं, तर त्यापेक्षा फ्यूज काढलेला बरा. हातात धरलेला फ्यूज परत लावायला माणूस विसरत नाही. रिलेच्या ८७ वरून एक छोटा दिवाही डॅशबोर्डवर आणा, म्हणजे फॅन लागला हे कळतं.

(दृश्य : रेडिएटरच्या पुढे धरलेलं वर्तमानपत्राचं पान. फॅन सुरू होतो, पान जाळीला चिकटतं.)

पाणी भरून, हवा काढून, गाडी स्लोवर ठेवा. टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. फॅन लागला की वर्तमानपत्राचं एक पान पुढून जाळीला लावा. ते सगळीकडे चिकटून राहिलं पाहिजे. मधोमध चिकटून कोपरे फडफडत असतील तर पेटी नीट बसलेली नाही. पान दूर ढकललं गेलं तर मोटर उलटी फिरते आहे. मग बॅटरीवर आणि फॅनच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, फॅन चालू असतानाच. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. हेडलाइट आणि वायपर लावून पुन्हा मोजा. बॅटरीवर तेरा व्होल्ट टिकले नाहीत, तर स्लोची फेरी थोडी वाढवा किंवा अल्टरनेटरची पुली लहान करा.

डिझेल जीपवाल्यांनी मात्र यात पडू नये. एमएम ५४० सारखी गाडी माणसं-सामान भरून दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते, तेव्हा वारा जवळजवळ नसतो आणि इंजिन सतत जोर लावत असतं. तिथे बेल्टवरचा मोठा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चांगला फिरतो. छोट्या गाडीचा एक फॅन त्याची जागा घेऊ शकत नाही.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पट्टीचे बोल्ट आणि पुलीचे बोल्ट पुन्हा आवळा. फॅन पंधरा मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर आणि रिलेच्या जोडण्यांना बोट लावा. कोमट चालेल. बोट टिकत नसेल, तर थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) सैल आहे. कापून टाका आणि नवीन दाबून घ्या.