चौतीस भोपळे

(दृश्य : पाट्या बदलायचा जुना धावफलक. सलामीच्या दोन फलंदाजांपुढे दोन शून्ये.)

सिंगापूर, ७ एप्रिल १९९६. पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना. श्रीलंकेला हव्यात २१६ धावा. सलामीला उतरलेत सनत जयसूर्या आणि रोमेश कालुवितरणा.

थोड्या वेळाने फलकावर ७० धावा लागतात आणि पहिला गडी बाद होतो. बाद झालेल्या फलंदाजाच्या नावापुढे बघा. शून्य. सत्तर धावांच्या भागीदारीत कालुवितरणाची एकही धाव नाही. जयसूर्याच्या ६६, आणि उरलेल्या चार अवांतर. जयसूर्याने त्या दिवशी १७ चेंडूंत अर्धशतक केलं. एकदिवसीय क्रिकेटमधला तो विक्रम २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं टिकला.

त्या दिवशी खेळपट्टीच्या एका टोकाला विक्रम होत होता आणि दुसऱ्या टोकाला भोपळा. पण या गोष्टीतला भोपळ्यांचा राजा कालुवितरणा नाही. तो राजा समोरच्या टोकाला उभा होता.

(दृश्य : भाजी बाजार. हातगाडीवर लाल भोपळ्यांची रास.)

शून्याला इंग्रजीत बदक म्हणतात, बदकाच्या अंड्यावरून. आपल्याकडे भोपळा. आपला शब्द मला जास्त आवडतो, कारण तो फोडता येतो. पहिली धाव निघाली की आपण म्हणतो, फोडला एकदाचा भोपळा. आणि नाही निघाली, तर तो अख्खाच्या अख्खा घेऊन तंबूत परतायचं. सगळं मैदान बघत असतं. हातातली बॅट एकाएकी जड होते. पायऱ्या तेवढ्याच असतात, पण संपत नाहीत.

आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत हा रस्ता सर्वांत जास्त वेळा चाललेला पुरुष फलंदाज म्हणजे सनत जयसूर्या. चौतीस वेळा.

त्याच्यामागे शाहिद आफ्रिदी, ३० वेळा. मग वासिम अक्रम आणि महेला जयवर्धने, प्रत्येकी २८. लसिथ मलिंगा २६. ख्रिस गेल आणि मुथय्या मुरलीधरन, २५.

ही नावं पुन्हा एकदा हळू वाचा. यांतला एक जण तरी असा आहे का, ज्याच्याशिवाय त्याच्या संघाचा इतिहास लिहिता येईल?

मलिंगा आणि मुरलीधरन गोलंदाज. ते यायचे अगदी शेवटी, षटकं संपत आलेली असताना. तिथे पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवावी लागते. अक्रमचंही बऱ्याचदा तेच. दहा डावांत एक भोपळा, हे त्याचं सरासरी प्रमाण. त्यांच्या शून्यांवर फार थांबायला नको. खरा प्रश्न सलामीवाल्याचा आहे. ज्याच्यापुढे पन्नास षटकं मोकळी पडलेली आहेत, त्याने चौतीस वेळा शून्यावर का जावं?

(दृश्य : श्रीलंकेचा दक्षिण किनारा. मातारा. समुद्राकाठी टेनिस बॉलने खेळणारी मुलं.)

जयसूर्या मातारचा. संघात आला तेव्हा त्याची ओळख होती डावखुरा फिरकी गोलंदाज, खाली येऊन थोडी फलंदाजीही करणारा. २६ डिसेंबर १९८९ ला मेलबर्नमध्ये तो पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्याच्या बरोबर आठ दिवस आधी, १८ डिसेंबरला, पाकिस्तानात गुजराँवालाच्या मैदानावर मुंबईचा एक सोळा वर्षांचा मुलगाही पहिला एकदिवसीय सामना खेळला होता. सचिन तेंडुलकर. दुसऱ्याच चेंडूवर बाद, शून्य. गोलंदाज वकार युनूस. झेल घेतला वासिम अक्रमने, ज्याच्या स्वतःच्या नावावर पुढे अठ्ठावीस शून्यं लागायची होती.

सचिनचा दुसरा एकदिवसीय सामना न्यूझीलंडमध्ये, डनेडिनला. पुन्हा शून्य. दोन सामने, दोन भोपळे. पुढे १८,४२६ धावा झाल्या, पण सुरुवात ही अशी. आमच्या पिढीला सचिनचा प्रत्येक आकडा पाठ होता आणि हे दोन आम्ही कधी आपणहून उच्चारत नसू. आज ते मला त्याच्या शतकांइतकेच प्रिय आहेत.

जयसूर्याची सुरुवातीची वर्षं चाचपडण्यात गेली. मग तो सलामीला आला आणि श्रीलंकेने एक विचार केला. नियम असा होता की पहिल्या पंधरा षटकांत मैदानावर आखलेल्या आतल्या वर्तुळाबाहेर फक्त दोनच क्षेत्ररक्षक. बरेच संघ ही षटकं नव्या चेंडूला मान देत, विकेट राखत काढायचे. हाणामारी शेवटच्या दहा षटकांत. न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचने १९९२ च्या विश्वचषकात वेगळी वाट दाखवली होती. अर्जुना रणतुंगाच्या श्रीलंकेने १९९६ मध्ये तिचा हमरस्ता केला. क्षेत्ररक्षक जवळ आहेत ना, मग त्यांच्या डोक्यावरूनच मारायचं. पहिल्या षटकापासून.

याची किंमत उघड होती. नवा चेंडू टणक असतो, हलतो. नजर बसलेली नसते, पायही हलायला लागलेले नसतात. अशा वेळी ऑफच्या बाहेरच्या चेंडूवर पूर्ण ताकदीने बॅट घातली की बॅटीची कड लागणारच. कधी स्लिपच्या वरून चौकार, कधी सरळ थर्डमॅनच्या, म्हणजे स्लिपमागे सीमेकडे उभ्या क्षेत्ररक्षकाच्या, हातात. किंमत ठाऊक असूनही जयसूर्या आणि कालुवितरणाला तसंच खेळायला पाठवलं गेलं.

(दृश्य : दिल्ली, फिरोजशाह कोटला.)

२ मार्च १९९६. विश्वचषक, भारत विरुद्ध श्रीलंका. सचिनने १३७ धावा केल्या होत्या आणि भारताच्या २७१ झाल्या होत्या. आपण निर्धास्त. मग ही जोडी आली आणि तीन षटकांत ४२ धावा फलकावर लागल्या. मनोज प्रभाकरसारखा अनुभवी मध्यमगती गोलंदाज त्याच सामन्यात नंतर ऑफस्पिन टाकताना दिसला. तो सामना आठवला की मला अजूनही प्रभाकरचा चेहरा आधी आठवतो, जयसूर्याचे फटके नंतर.

(दृश्य : कोलकाता, ईडन गार्डन्स.)

अकरा दिवसांनी उपांत्य सामना. जवागल श्रीनाथचं पहिलं षटक. कालुवितरणाने बॅट घातली, चेंडू उडाला, थर्डमॅनला संजय मांजरेकरने झेल घेतला. शून्य. त्याच षटकात जयसूर्याने बॅट घातली, थर्डमॅनलाच वेंकटेश प्रसादने झेल घेतला. एक. श्रीलंका दोन बाद एक.

ईडन गार्डन्सवर कान फुटतील असा आवाज. ज्यांनी दिल्लीत आपल्याला झोडपलं, ते दोघे पहिल्याच षटकात घरी. सामना जिंकलाच, असं घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्या प्रत्येकाला वाटलं.

मग अरविंद डिसिल्व्हा आला. आता कोणताही संघ सांभाळून खेळला असता. डिसिल्व्हाने ४७ चेंडूंत ६६ केल्या. सलामीची जोडी गेली, पण बेत तोच राहिला. श्रीलंका २५१ वर पोचली. नंतर त्याच जयसूर्याने चेंडू हातात घेतला आणि १२ धावांत तीन बळी काढले. भारत आठ बाद १२०, प्रेक्षकांनी पेटवलेल्या जाळपोळीत खेळ थांबला आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. स्पर्धेचा मालिकावीर ठरला जयसूर्या.

म्हणून त्याची चौतीस शून्यं एकटी मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ती ४३३ डावांतली आहेत. साधारण तेरा डावांत एक. उरलेल्या डावांत मिळून १३,४३० धावा आणि २८ शतकं. त्यांतलं एक आपल्याला विसरता येत नाही. २९ ऑक्टोबर २०००, शारजा, जयसूर्याच्या १८९. त्याला उत्तर देताना अख्खा भारतीय संघ ५४ धावांत गारद. चौतीस वेळा भोपळा झाला, याचा दुसरा अर्थ असा की तेहतीस भोपळ्यांनंतरही त्याच्या हाती बॅट देऊन पुन्हा त्यालाच पुढे पाठवण्यात आलं.

कालुवितरणाचं प्रमाण तर याहून दाहक आहे. १८१ डावांत २४. साडेसात डावांत एक. त्याच्या वाट्याला जयसूर्याची उंची आली नाही. पण समोर असा साथीदार असताना आपणही तेवढाच धोका घ्यायचा आणि बऱ्याचदा रिकाम्या हाताने परतायचं, हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

(दृश्य : हिरव्या जर्द पार्श्वभूमीवर पांढरे कपडे. टनब्रिज वेल्स.)

दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत. केपलर वेसल्स आधी ऑस्ट्रेलियाकडून, नंतर दक्षिण आफ्रिकेकडून १०९ एकदिवसीय सामने खेळला. शून्यावर एकदाही बाद नाही. आणि आपला यशपाल शर्मा, ४२ सामने, चाळीस डाव, एकही भोपळा नाही.

१८ जून १९८३ ला, विश्वचषकात, इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध सुनील गावसकर शून्यावर गेला, श्रीकांत शून्यावर गेला, संदीप पाटील एकावर. यशपालने नऊ केल्या. पाच बाद १७. तिथून कपिल देवने नाबाद १७५ केल्या, हे घराघरात ठाऊक आहे. त्या फलकावरच्या यशपालच्या नऊ धावांकडे मात्र सहसा कोणी बघत नाही.

(दृश्य : मुंबई. एका चाळीची गल्ली. भिंतीवर खडूने काढलेले स्टंप.)

गल्लीत आपल्याकडे एक सोय असते. ट्राय बॉल. पहिल्या चेंडूवर आउट नाही. लहान असो, मोठा असो, हातात बॅट आली की आधी ओरडायचं, पहिला ट्राय!

मोठ्या मैदानावर ही सोय नाही. मार्च २०२३, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका. १७ तारखेला वानखेडेवर, घरच्या लोकांसमोर, सूर्यकुमार यादव पहिल्याच चेंडूवर पायचीत. गोलंदाज मिचेल स्टार्क. १९ ला विशाखापट्टणम, पुन्हा स्टार्क, पुन्हा पहिला चेंडू, पुन्हा पायचीत. २२ ला चेन्नईत त्याला सातव्या क्रमांकावर ठेवलं. तिथे ॲश्टन ॲगरने पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. संपूर्ण मालिका मिळून त्याच्या वाट्याला तीन चेंडू आले. तेव्हा तो टी-ट्वेंटीच्या जागतिक क्रमवारीत पहिला फलंदाज होता.

पहिल्या भोपळ्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी, १२ मे ला, त्याच वानखेडेवर त्याने गुजरातविरुद्ध ४९ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. आयपीएलमधलं त्याचं पहिलं शतक.

आणि वानखेडेचाच आणखी एक भोपळा. २ एप्रिल २०११, विश्वचषकाचा अंतिम सामना. जयवर्धने, अठ्ठावीस शून्यांचा धनी, नाबाद १०३ करून गेलेला. उत्तरादाखल भारताच्या डावात मलिंगाच्या दुसऱ्या चेंडूवर वीरेंद्र सेहवाग पायचीत. शून्य. भरलेलं स्टेडियम असं गप्प झालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. पुढची रात्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

(दृश्य : सायंकाळ. वानखेडेचे दिवे लागतात.)

याच मैदानावर १४ मे २००८ ला, आयपीएलमध्ये, मुंबईच्या निळ्या जर्सीत जयसूर्या सलामीला उतरला होता. वय अडतीस, एकोणचाळीस पूर्ण व्हायला दीड महिना. समोर चेन्नई. त्या रात्री त्याने ४८ चेंडूंत नाबाद ११४ धावा केल्या, अकरा षटकार मारले. वर्षानुवर्षं ज्याने आपल्याला रडवलं, त्याच्यासाठी मुंबई घसा फुटेपर्यंत ओरडली.

पण ते नंतरचं. पहिल्या चेंडूआधी तो नेहमीसारखाच दिसतो. पॅड चाचपतो. ग्लोव्हज ओढतो. हेल्मेटला हात लावतो. पुन्हा पॅड. फलकावर नावापुढे शून्य आहे. तो बॅट टेकवतो आणि वर बघतो.