पंचाची सही

(दृश्य : कोल्हापूरचा महाद्वार रोड, सकाळ. दुकानांची शटर वर जाताहेत.)

"मालक, दोन मिनिटं येतासा काय? पंच म्हणून सही पाहिजे."

दारात हवालदार उभे होते. पंच म्हणजे पोलिसांच्या झडतीचा साक्षीदार. माझे वडील गल्ल्यावरून उठले आणि गेले. कागद कोरा होता. सही करून परत आले. चार वर्षांनी समन्स आलं. कसबा बावड्याच्या कोर्टात वकिलांनी विचारलं, "सुरा कुठल्या खोलीत सापडला?" वडिलांना सांगता येईना. त्या रात्री ते जेवले नाहीत.

झडतीला त्याच भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत, हा नियम तेव्हाही होता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये. 1 जुलै 2024 पासून तो तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 मध्ये आहे. झडती पंचांच्या डोळ्यांदेखत व्हायची. काय सापडलं, कुठं सापडलं, याची यादी करून त्यावर त्यांची सही. त्या घरात राहणाऱ्याला झडतीला हजर राहता येतं, यादीची प्रतही मिळते. बाईची झडती बाईनंच घ्यायची. शिवाय कलम 105 प्रमाणे आता हे सगळं, सह्यांसकट, चित्रित करून विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं.

(दृश्य : जवळून. कागदात गुंडाळलेला सुरा, दोरा, पंचांच्या सहीचं लेबल, वर तापलेली लाख. शिक्का दाबला जातो.)

नियम मोडून झडती झाली की पुरावा बाद, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे तसं नाही. 1974 साली पूरणमल खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की झडती बेकायदा होती एवढ्यावरून तीत सापडलेला पुरावा नाकारता येत नाही. प्रश्न उरतो तो त्यावर विश्वास किती ठेवायचा, एवढाच. आणि तिथं पंचाला विचारतात, तुम्ही काय पाहिलंत? त्यानं काहीच पाहिलेलं नसेल, तर निरपराध माणूस अडकू शकतो, नाहीतर खरा गुन्हेगार सुटतो. मला दोन्हीची सारखीच भीती वाटते.

पंच व्हायला लोक घाबरतात ते कोर्टाच्या फेऱ्यांना. पण झडतीच्या पंचाला कोर्टानं खास समन्स काढल्याशिवाय जावं लागत नाही, हेही कलम 103 मध्येच आहे.

आता गल्ल्यावर मी बसतो. मागच्या महिन्यात हवालदार आले. तेच वाक्य. म्हटलं, "येतो की साहेब. पण आधी झडती बघतो, मग सही."

ते क्षणभर थांबले. "चला."

आम्ही पोचलो तेव्हा त्या घरातलं कपाट अजून उघडलेलं नव्हतं.