चाक किती किलोचं?

(दृश्य: भुसार दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावर लाकडी फळी, फळीवर टायरसकट डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक.)

साध्या हॅचबॅकचं १४ इंची चाक, म्हणजे पोलादी डिस्क आणि १६५/८० आर १४ टायर (रुंदी १६५ मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, डिस्क १४ इंची), काट्यावर तेरा-चौदा किलो भरतं. वाटा जवळपास निम्मा-निम्मा. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १५ इंची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची डिस्क, आणि १८५/६५ आर १५ टायर येतो. ते चाक पंधरा-सोळा किलोवर जातं. आणि हौसेनं बसवलेला १७ इंची ओतीव अलॉय, २०५/४५ आर १७ टायरसह, अठरा ते वीस किलो. कंपनीनुसार किलोभर इकडे-तिकडे होईल, पण चढता क्रम हाच.

तेव्हा अलॉय म्हणजे हलकं, ही समजूत अर्धीच खरी. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण ते पोलादाइतकं चिवट नाही, म्हणून आरे आणि कडा जाड ठेवाव्या लागतात. एकाच मापाचा ओतीव अलॉय पोलादी डिस्कपेक्षा किलोभरानं हलका निघतो, काही वेळा तेवढाच भरतो. खरं वजन वाचतं ते घडणीत. फ्लो-फॉर्म्ड चाकाची बाहेरची पट्टी गरम असताना रोलरखाली ताणतात. ती पातळ होऊनही मजबूत राहते. फोर्ज्ड चाक ठोकळा प्रचंड दाबाखाली दाबून घडवतात. ते आणखी हलकं, आणि बरंच महाग.

चाकाचं वजन गाडीला पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं. ते आसापासून जितकं लांब, तितका इंजिनावर भार. टायरच्या नक्षीपाशी असलेला एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोसारखा वागतो. डिस्कमधला एक किलो साधारण दीड किलोच्या आत राहतो. ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा’ असं छातीठोक सांगितलं जातं, पण ते गणितात बसत नाही. हा आकडा दोनाच्या वर जाऊच शकत नाही.

जळगाव ते धुळे एकाच वेगानं गेलात, तर हलक्या चाकानं ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडणार नाही. तिथे टायरमधली हवा आणि रबराची जात जास्त महत्त्वाची. हलक्या चाकाचा फायदा जाणवतो तो गावातल्या थांबत-चालत जाण्यात. आणि त्याहून जास्त खराब रस्त्यावर. चाक हे स्प्रिंगच्या खालचं वजन. खड्ड्यातून उसळलेलं जड चाक शॉकअपला लवकर आवरत नाही. तेवढा वेळ टायर रस्ता सोडतो आणि दणका आत बसलेल्यांना लागतो. धडगाव, तोरणमाळकडे जाणाऱ्यांसाठी आमच्या मते हेच कारण सगळ्यांत मोठं.

(दृश्य: शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीचं चाक, आतल्या बाजूनं.)

वजन करण्याआधी चाक धुवा. पावसाळ्यात रानातून आलेल्या गाडीच्या डिस्कमध्ये काळी माती आतून थापली जाते आणि वाळून घट्ट बसते. बॅलन्सिंगला पाच-दहा ग्रॅमची शिशं लावतात, आणि इथे पावशेरभर माती एकाच बाजूला असते. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि दोष अलाइनमेंटवर जातो. माती न काढता बॅलन्सिंग केलं, तर ती गळून पडल्यावर पुन्हा थरथर सुरू.

चाक काढताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट आधी जमिनीवरच पाव फेरी सैल करायचे, मग जॅक. फळीचं वजन काट्यावर शून्य करून चाक आडवं ठेवा. धान्याचा काटा पुरे, सराफाचा नको. डिस्क आणि टायर वेगळे मोजायचे, तर टायर बदलायच्या दिवशीच मोजा. जुना टायर नव्यापेक्षा हलका भरेल: आठ मिलीमीटरची नक्षी १.६ मिलीमीटरच्या झिजेच्या खुणेपर्यंत झिजली, की सव्वा ते दीड किलो रबर रस्त्यावर गेलेलं असतं. म्हणून तुलना नव्याची नव्याशीच.

आता वजन वाचवायचं कुठे? सगळ्यांत स्वस्त वाट म्हणजे इंच न वाढवणं. १८५/६५ आर १५ चा बाहेरचा व्यास ६२१.५ मिलीमीटर, १६५/८० आर १४ चा ६१९.६. वरच्या मॉडेलला कंपनीचीच १४ इंची चाकं चढवली, तर मीटर जवळपास तेवढाच दाखवेल आणि प्रत्येक चाकामागे दीड-दोन किलो सुटतील. पण आधी पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाला) चाकाची डिस्क घासत नाही ना, हे हातानं फिरवून पाहा. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) आणि नटाची बैठक जुळली पाहिजे. गोल बैठकीत शंकूचा नट आवळला, तर तो टेकतो थोड्याच जागी आणि काही दिवसांत सैल होतो.

वजन कमी करायला कमी लोड इंडेक्सचा, म्हणजे भार पेलण्याचा आकडा कमी असलेला, टायर घेऊ नका. ८८ म्हणजे ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो, एका टायरला. कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे जातो, डांबर त्याहून कितीतरी तापतं. कमी हवा आणि जास्त भार असला की टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते, आणि टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा काढून टाकली, तर रात्री तो कमी हवेवर धावेल.

नायट्रोजननं चाक हलकं होत नाही. अशा टायरमध्ये मुळात सव्वाशे ग्रॅमच्या आत हवा असते. फरक पडतो तीन-चार ग्रॅमचा. ट्यूबलेस टायरमध्ये टाकलेली ट्यूब मात्र किलोभर वजन घालते, तेही कडेला. भोक नीट बुजवून ती काढता आली तर काढा.

स्वस्तातला, खूण-शिक्का नसलेला हलका अलॉय घेऊ नये. खड्ड्यात पोलाद वाकतं, ठोकून पुष्कळदा सरळही होतं. खराब ओतलेलं ॲल्युमिनियम तडकतं. वेल्डिंग केलेला अलॉय पुढच्या चाकाला कधीच लावू नका.

बसवताना नट बोटांनी फिरवून सुरुवात, मग समोरासमोर या क्रमानं आवळणी. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात; नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पान्यावर उभं राहून आवळलं की स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आटे, ताणले जातात. नवा अलॉय असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

राहिली स्टेपनी. टायरप्रेशर मॉनिटर आणि दुरुस्तीचा किट असेल, तर तिच्याशिवाय गाडी विकायला २०२० पासून परवानगी आहे. ती काढली तर तेरा-चौदा किलो वाचतात, पण ते न फिरणारं वजन. फाटलेल्या बाजूला किटचा उपयोग नाही, आणि सातपुड्यात पंक्चरवाला लगेच सापडत नाही. स्टेपनी ठेवा, तिच्यात दोन-तीन पीएसआय जास्त हवा भरा, आणि नवीन अलॉयच्या नटांनी तिची पोलादी डिस्क बसते का, हे घरीच एकदा लावून पाहा.