"अनुभव नाही, पण कष्ट करीन"

(परभणीतल्या एका अभ्यासिकेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात माणसं भरती करतो. हल्ली माझ्यासमोर डीएड झालेले, बीए झालेले, तिशीला टेकलेले पुष्कळ जण येतात. काय येतं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "सर, अनुभव काहीच नाही, पण कष्ट करीन." या वाक्यावर मला कुणालाच निवडता येत नाही. बाहेर बाकावर बसलेले सगळेच कष्ट करणारे असतात.

इथवर यायला ही मुलं आळशी होती म्हणून आली, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं गावोगाव डीएड कॉलेजं निघाली. मग २०१३ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ला शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आली. परीक्षा वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर वयंही.

पण "अनुभव काहीच नाही" हे मला पटत नाही. समजा, एक जण जिंतूरच्या कृषी सेवा केंद्रात चार हंगाम काउंटरला होता. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बिलावर चढवायचा, औषधाची मुदत बघायची, आधी आलेला माल आधी काढायचा, खताची विक्री पॉस मशीनवर अंगठा घेऊन करायची, संध्याकाळी मशीनमधला साठा आणि गोडाऊनमधली पोती जुळवायची. कारखान्याच्या स्टोअरमध्ये याच्याहून वेगळं काय असतं? युरियाच्या जागी बेअरिंग येतं, एवढंच. वरून एक्सेल शिकावं लागतं. पण हा गडी अर्जात लिहितो काय, तर "शिक्षण बीए, अनुभव निरंक". अरे, साठा जुळवत होतास ते लिही की! दोन पोती कमी भरली तेव्हा कशी शोधलीस ते मला सांग. मी खुर्ची पुढं ओढून ऐकीन.

जिथं असं जुळणारं काहीच नाही, तिथं कामाला आधी हात लावून या. क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात यायचंय ना? मग व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास मोजायची सरकपट्टी हातात धरा. साध्या व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजता येतं, मायक्रोमीटरवर ०.०१पर्यंत. ओळखीच्या लेथवाल्याकडं बसून आठवडाभर जे दिसेल ते मोजलंत, तर वाचन चुकायचं थांबतं. मुलाखतीत मी एक पिन पुढं सरकवतो. एमएस्सी झालेला गोंधळतो आणि बारावीचा पोरगा शांतपणे माप सांगतो, हे बघितलंय मी. आपल्याकडं मात्र क्षेत्र बदलायचं म्हटलं की माणूस पहिल्यांदा क्लासची फी भरतो. हे काम आपल्याला आवडतंय का, आठ तास उभं राहायला जमतंय का, हे त्याला सहा महिन्यांनी, पैसे गेल्यावर कळतं.

त्यापेक्षा शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप बघा. कायदा १९६१चा आहे आणि त्यात विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१६पासून केंद्राची योजना आहे, तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतं. तेव्हा नवखा माणूस घेणं मालकालाही परवडतं. "नोकरी लावून देतो, आधी डिपॉझिट भरा" म्हणणारा भेटला तर तिथून चहासुद्धा न पिता उठा. नोकरीऐवजी धंदा बदलायचा असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत.

आता जरा कडू बोलतो. तुमचा सुपरवायझर बावीस वर्षांचा असेल. गावात तुम्हाला लोक "सर" म्हणतात, इथं त्या पोराला तुम्ही "सर" म्हणायचं. पहिल्या पगारातून वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीतल्या खोलीचं भाडं आणि मेस गेली की घरी पाठवायला फार उरत नाही. हे बायकोला, वडिलांना आधी सांगून ठेवा. तिसऱ्या महिन्यात माणूस परत जातो तो बहुतेक वेळा कामाला कंटाळून जात नाही, घरून रोज येणाऱ्या फोनला कंटाळून जातो.

आणि सोयाबीन. ऑक्टोबरात काढणी आली की नवीन माणूस "दोन दिवसांनी येतो" म्हणून जातो आणि दिवाळीनंतर उगवतो. तोवर त्याच्या मशीनवर दुसरा उभा असतो. शेती असणं हा काही गुन्हा नाही. मुलाखतीतच सांगा, "साहेब, काढणीला मला पाच दिवस लागतील." मी तशी पाळी लावतो. न सांगता गेलेल्याला मात्र परत घेणं माझ्या हातात राहत नाही.

मघाशी मागून एकानं विचारलं, वय चौतीस आहे, घेतील का? केंद्राच्या त्या शिकाऊ उमेदवारीच्या योजनेला पस्तिशीची मर्यादा आहे, तेव्हा उशीर करू नका. स्टोअर, डिस्पॅच, पॅकिंगला वय आडवं येत नाही. फक्त येताना महिन्याच्या आठ-दहा तारखेला या. सातपर्यंत पगार होतात, ते घेऊन काही जण गावी निघून जातात, आणि आमच्याकडं जागा मोकळ्या होतात त्या तेव्हाच. वीस तारखेला आलात तर गेटवरचा वॉचमनच तुम्हाला परत पाठवील.