स्मॅश मेलेच्या टूर्नामेंटला मॉडेड वी कसा चालतो?

नमस्कार मंडळी! सुपर स्मॅश ब्रदर्स मेलेच्या कुठल्याही व्हिडिओखाली एक कमेंट हमखास येते: "मॉड केलेल्या कन्सोलवर टूर्नामेंट? ही तर सरळ चीटिंग!" मॉड म्हणजे कंपनीने न दिलेलं सॉफ्टवेअर कन्सोलवर चालवणं. तर आज त्यावरच बोलू.

निन्टेन्डोचा हा मारामारीचा गेम 2001 चा, गेमक्यूब या कन्सोलवरचा. स्पर्धेत तो बऱ्याचदा वी (Wii) या नंतरच्या कन्सोलवर चालतो, कारण सुरुवातीच्या वीला झाकणाखाली गेमक्यूब कंट्रोलरचे चार पोर्ट आहेत. मॉडेल नंबर आरव्हीएल-001 आहे का ते बघा. आरव्हीएल-101 ला हे पोर्टच नाहीत. सॉफ्टमॉड (फक्त सॉफ्टवेअरने केलेला मॉड) सोपा आहे: सिस्टम मेनू 4.3, फॅट32 केलेलं एसडी कार्ड, लेटरबॉम्ब (मॉडचं दार उघडणारी फाइल), मग होमब्रू चॅनल (बाहेरची ॲप्स चालवणारा मेनू), आणि ॲप्स फोल्डरमध्ये स्लिपी निन्टेन्डॉन्ट (वीवर गेमक्यूबचे गेम चालवणारं ॲप). झालं.

खरा मुद्दा मॉडमुळे चालणाऱ्या यूसीएफचा, म्हणजे युनिव्हर्सल कंट्रोलर फिक्सचा: कंट्रोलर-कंट्रोलरमधला फरक भरून काढणारा गेममधला बदल. मेले सेकंदाला 60 वेळा स्टिकची जागा हिशेबात घेतो. मागे वळून डॅश (झटक्यात पळणं) मारायचा तर एकाच फ्रेममध्ये, म्हणजे दोन वाचनांमधल्या साधारण 16.7 मिलिसेकंदांत, स्टिक मधल्या पट्ट्यातून पार कडेला जायला हवी. वाचनाच्या क्षणी ती मध्येच सापडली, की पात्र नुसतं हळू वळतं आणि डॅश हुकतो. बोट तेवढ्याच वेगाने फिरलेलं असतं, तरीही. त्यातून कंट्रोलरमधले पोटेन्शियोमीटर (स्टिकची जागा मोजणारे भाग) वेगवेगळे झिजतात, त्यामुळे काही कंट्रोलरवर हा डॅश सहज निघायचा, काहींवर निघतच नव्हता. लोक "चांगला" कंट्रोलर मिळेपर्यंत कंट्रोलर विकत घेत राहायचे. यूसीएफ पुढच्या फ्रेमलाही स्टिक तपासतं, आणि ती वेगाने पलीकडे गेली असेल तर डॅश देतं.

शील्ड ड्रॉपचंही तेच. शील्ड (बचावाची ढाल) धरून प्लॅटफॉर्ममधून खाली उतरायचं तर, मध्यापासून कडेपर्यंत 80 पायऱ्या धरल्या, तर स्टिक खाली फक्त 53, 54 किंवा 55 वर हवी. 56 झालं की स्पॉट डॉज, म्हणजे पात्र जागेवरच वार चुकवतं! यासाठी लोक कंट्रोलरवरची स्टिकभोवतीची चौकट घासून खाचा पाडायचे. यूसीएफने ही जागा रुंद केली.

"मग कौशल्य कुठे उरलं?" असं एकाने विचारलंय. अहो, नशिबाने चांगला कंट्रोलर मिळणं हे कौशल्य नव्हे. कधी वळायचं, कधी नाही, हे अजूनही तुम्हालाच ठरवायचंय.

आता माझा जुना राग. हॉलमध्ये वीस वी मांडलेत आणि त्यातल्या दोनवर यूसीएफ बंद आहे, हे मला अजिबात सहन होत नाही. मॉड नसलेली टूर्नामेंट यापेक्षा बरी!

खेळाडूच्या बाजूने बघा. सकाळभर यूसीएफवर खेळलेला माणूस बंद असलेल्या सेटअपवर बसतो, डॅश हुकतो, आणि त्याला वाटतं हात गारठले. तो तक्रारही करत नाही.

आयोजकाच्या बाजूने: हरलेल्या सामन्यानंतर कुणी सेटिंग उघडून दाखवलं, तर तो सामना पुन्हा खेळवायचा का? पुढची अख्खी ब्रॅकेट (सामन्यांची साखळी) अडकते.

आणि मशीनच्या बाजूने: सेटिंग वीमध्ये नाही, एसडी कार्डावर राहतं. कार्डं बदलली की सेटिंगं बदलली. म्हणून एकच कार्ड पूर्ण तयार करा, त्याचीच कॉपी सगळ्यांवर टाका, आणि निन्टेन्डॉन्ट अपडेट केल्यावर प्रत्येक मशीन पुन्हा उघडून बघा. ऑटोबूट (गेम आपोआप सुरू होणं) असेल तर बी बटण दाबून धरा, मेनू येईल. कंट्रोलर फिक्स, लॅग (बटणानंतरचा उशीर) कमी करण्याचा पर्याय, एनटीएससी (अमेरिका-जपानची) आवृत्ती: तिन्ही गोष्टी सगळीकडे एकसारख्या. वाइडस्क्रीन बंद. पाल (युरोपच्या) आवृत्तीत फॉक्स, मार्थ, शीक या पात्रांच्या ताकदीत फरक आहे, म्हणून ती नको.

रिप्लेसाठी (सामन्याच्या नोंदीसाठी) यूएसबी स्टिक वेगळी लावा, फॅट32, 32 केबी क्लस्टर. गेम एसडीवर, रिप्ले यूएसबीवर. सामना चालू असताना ती ओढायची नाही, फाइल अर्धवट राहते.

"निन्टेन्डोला हे चालतं का?" नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये द बिग हाउस या स्मॅश टूर्नामेंटची ऑनलाइन स्पर्धा कंपनीने स्लिपीच्या (मेले ऑनलाइन खेळवणाऱ्या मॉडच्या) वापरावरून थांबवायला लावली. मॉड न केलेल्या गेमक्यूबवरही मेमरी कार्डातून यूसीएफ लोड होतं, पण ते कंपनीला चालेल असं समजू नका. मोठी स्पर्धा भरवणार असाल तर आधी नियम वाचा.

पुण्या-मुंबईतून विचारणाऱ्यांसाठी: पाल वी असला तरी चालेल, निन्टेन्डॉन्ट रीजन बघत नाही. पण जुन्या सीआरटीवर (पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर) पिवळ्या केबलने चित्र कृष्णधवल आलं, तर तुमचा टीव्ही एनटीएससी रंग ओळखत नाहीये. कंपोनंट केबल लावा किंवा दुसरा टीव्ही शोधा. वीला दोष देऊन पुन्हा मॉड करत बसू नका.