पहिल्या पानावरचा शब्द

नमस्कार, श्रोतेहो.

२००७ च्या जानेवारीत अमेरिकेत बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक जाहीर झालं. ते मिळालं सुझन पॅट्रन यांच्या ‘द हायर पॉवर ऑफ लकी’ या कादंबरीला. १९२२ पासून दिलं जाणारं हे पदक तिथं फार मानाचं. ते मिळालेलं पुस्तक शाळेच्या ग्रंथालयानं घ्यायचं, हे जवळजवळ ठरलेलंच. पण या वेळी काही शाळांच्या ग्रंथपालांनी पुस्तक घ्यायला नकार दिला. कारण त्याच्या पहिल्याच पानावर एक शब्द होता : अंडकोश.

कथेतली लकी दहा वर्षांची आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, ४३ माणसांच्या वस्तीत ती राहते. आई वारलेली. वडिलांची पहिली बायको ब्रिजिट फ्रान्सहून येऊन तिचा सांभाळ करते आहे. लकी भिंतीच्या भोकातून मोठ्यांच्या गप्पा ऐकते आणि एका कुत्र्याच्या अंडकोशाला साप चावल्याची हकीकत तिच्या कानावर पडते. हा शब्द तिनं कधी ऐकलेला नाही. काहीतरी औषधपाण्यातलं, गुपित आणि महत्त्वाचं असावं, एवढं तिला जाणवतं. पण विचारायचं कुणाला?

बस, एवढंच. तरी त्यावर वाद पेटला आणि फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला त्याची बातमी करावी लागली. लेखिका स्वतः लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या. म्हणजे पुस्तक लिहिणारीही ग्रंथपाल आणि नाकारणारेही ग्रंथपाल.

नाकारणाऱ्यांची अडचण मला खोटी वाटत नाही. चौथीच्या वर्गात बाई गोष्ट वाचून दाखवताहेत, हा शब्द येतो, अर्धा वर्ग फिदीफिदी हसतो, एक मुलगी हात वर करून अर्थ विचारते, आणि संध्याकाळी पालकांचे फोन सुरू होतात. शिक्षकाला एकटं उभं राहावं लागतं. त्याची भीती समजू शकते. पण त्या भीतीची किंमत मुलानं का मोजायची?

नेमक्या याच अवयवाचं एक दुखणं सांगते. मुलगे वयात येण्याच्या सुमाराला कधीकधी अंडकोशातला वृषण पिळला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर तो बहुतेक वेळा वाचतो. उशीर झाला, तर काढून टाकावा लागू शकतो. कळ ओटीपोटातही येते, उलट्या होतात. लाजणारा मुलगा आईला सांगतो, ‘पोटात दुखतंय.’ आई ओवा देते, पोट शेकते, झोप म्हणते. सकाळपर्यंत ते मोलाचे तास निघून गेलेले असतात. त्या मुलाला शब्द ठाऊक असता आणि तो घरात उच्चारायला हरकत नाही हेही ठाऊक असतं, तर?

अमेरिकेत हा वाद चालू होता त्याच वर्षी, २००७ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा, म्हणजे वयात येतानाच्या शरीराची माहिती देणारा, कार्यक्रम थांबवला गेला. आक्षेप तोच, हे सगळं मुलांपुढे कशाला? आपल्याकडचे ‘माझे शरीर’ नावाचे तक्ते पाहा. डोळे, नाक, हात, पोट, आणि तिथून थेट गुडघे! मधल्या भागाला घरोघरी लाडाचं वेगळं नाव. अडीच वर्षांच्या बाळाशी बोलताना ते गोडच वाटतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला तेवढंच देऊन कसं भागेल? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलाचा जबाब ते बोलेल तसाच लिहून घ्यायचा. चांगलीच तरतूद आहे. पण मुलापाशी बोलायला शब्दच नसेल, तर लिहिणारा काय लिहिणार?

आणि तक्त्यापेक्षा मला गोष्टीवर जास्त भरवसा आहे. तक्त्यातला शब्द परीक्षेपुरता राहतो. गोष्टीतला शब्द एखाद्या माणसाच्या तोंडी येतो, त्याच्या भोवती कुत्रा असतो, साप असतो, कुतूहल असतं. मुलांना धक्का देण्यासाठी किंवा खपासाठी असे शब्द पेरलेलं पुस्तक मी मुलांच्या हाती देणार नाही. पण पॅट्रन यांचं पुस्तक तसं नाही. ब्रिजिट आपल्याला सोडून फ्रान्सला परत जाईल, ही लकीची खरी धास्ती आहे. ती धास्ती सरते तेव्हा, पुस्तकाच्या शेवटाकडे, लकी ब्रिजिटला त्या शब्दाचा अर्थ विचारते. ब्रिजिट रागावत नाही, विषय बदलत नाही, सरळ सांगते. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच मूल असं विचारतं, हे लेखिकेनं फार नेमकं ओळखलं आहे.

वाचून दाखवणाऱ्या शिक्षकांना आणि आईबाबांना म्हणूनच एक सुचवते. शब्द आला की आवाज खाली आणू नका, ओळ गाळू नका. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगा : पुरुषांच्या आणि नर प्राण्यांच्या शरीरात वृषण ज्या पिशवीत असतात, ती पिशवी. मुलं हसली तर हसू द्या, आणि पुढची ओळ वाचा. सापाचं पुढं काय झालं, हे त्यांना ऐकायचं असतं.

नमस्कार.